एका खपलीच्या सात सकाळी

झाडलेला पाचोळा परत पसरून द्या, असं माळीकाकांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सांगितलं, आणि सांगणारा माणूस चांगला शुद्धीत होता.

सकाळचे सात वाजले होते. बागेच्या मधल्या चौकात खराटा फिरवून, चार पाट्या पाचोळा खताच्या खड्ड्यात रिकामा करून माळीकाका कमरेवर हात ठेवून जरा कुठे उभे राहिले होते. तेवढ्यात फाटकातून चौदा चित्रकार आत आले. सगळ्यांत पुढे एक उंच गृहस्थ. डोक्यावर रुंद काठाची टोपी, गळ्यात रुमाल, आणि चेहऱ्यावर असा भाव की आजचं ऊन त्यांनीच मागवून घेतलंय. स्वच्छ चौक पाहून ते घरात चोरी झाल्यासारखे जागच्या जागी थबकले.

"काका, हे काय केलंत?"

"झाडलं."

"अहो, पण पानं? पानं कुठे गेली?"

"खड्ड्यात."

"आणता येतील का परत? आम्हाला सगळं नैसर्गिक हवंय. जसं पडलं होतं तसं."

माळीकाकांनी मागे उभ्या असलेल्या साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणजे बागेचे अधीक्षक. हे सात दिवसांचं शिबिर त्यांच्याच डोक्यातून निघालं होतं. निसर्ग आणि रोजचा परिसर रंगवणारे आजचे नामवंत चित्रकार बागेत येऊन बसणार, शेवटच्या दिवशी झाडाखालीच चित्रं मांडणार, मग भाषण आणि फोटो. साहेबांनी डोळ्यांनीच सांगितलं, पसरा.

माळीकाकांनी दोन पाट्या भरून आणल्या आणि पसरल्या. टोपीवाले लांबून हात हलवत होते. "थोडी डावीकडे. नाही, तिथे फार गर्दी झाली. एखादं पान बाकावर टाका. हां! आता कसं सहज वाटतंय!"

सहज वाटतंय म्हणे. देवाने एकेक पान वेगळं घडवलं, वेगळ्या वेळी खाली सोडलं, कुणाला विचारायला गेला नाही. आणि हे त्याच्या चुका दुरुस्त करायला आलेत. माळीकाका मनात एवढं बोलले आणि पाटी उचलून चालते झाले.

चौकाच्या मधोमध एक जुनं रेन ट्री होतं. माळीकाका त्याला थोरला म्हणत. ते विशीत नोकरीला लागले तेव्हा थोरला होताच, आणि पहिल्या दिवसापासून वडीलभावासारखा डोक्यावर सावली धरून उभा होता. छातीइतक्या उंचीवर त्याचं बेचकं होतं. तिथून एक खोड सरळ वर गेलेलं, आणि दुसरी फांदी, दोन माणसांच्या कवेत न येणारी, आडवी होऊन चौकावर पसरलेली. त्या फांदीखाली बाक. त्या बाकावर रोज दहा ते बारा माळीकाकांची थोरली बहीण, आक्का, डबा घेऊन येऊन बसायची. तिच्यासारखीच आणखी पाच-सहा म्हातारी माणसं यायची.

महिन्याभरापूर्वी माळीकाकांना बेचक्याखाली चीर दिसली. आधी नख जात होतं, आता बोटाचं टोक जायला लागलं होतं. आडवी फांदी स्वतःच्या वजनाने बेचकं फाडत होती. फांदी वेळेवर उतरवली तर थोरला वाचणार होता. आपण होऊन पडली, तर खाली कोण बसलंय हे ती बघणार नव्हती, आणि जाताना अर्धं खोड उभं चिरून नेणार होती. माळीकाकांनी दोनदा अर्ज दिला. साहेबांनी दोन्ही वेळा सांगितलं, "शिबिर होऊ द्या. त्या फांदीसाठीच तर माणसं येतायत. ती गेली तर काय रंगवतील, दिव्याचा खांब?"

मग माळीकाकांनी निदान बाकाभोवती दोरी बांधली आणि तिला लाल चिंध्या लावल्या. पहिल्याच दिवशी तासाभराने बघतात तर दोरी गुंडाळून हौदाच्या कठड्यावर ठेवलेली.

"कुणी सोडली?"

"मी," टोपीवाले म्हणाले. "तो लाल रंग डोळ्यांत फार खुपत होता हो. चित्रात येतो."

"फांदीला चीर आहे. डोक्यावर पडेल."

टोपीवाले मंद हसले. "काका, जे मोडायला आलेलं असतं ना, त्यातच खरं सौंदर्य असतं."

तुमचं डोकं मोडल्यावर मी येतो बघायला, असं माळीकाकांच्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. पुढे काय दिसलं म्हणता? शिबिराचा फलक. ‘निसर्ग जपा, निसर्ग रंगवा’ असं हिरव्या अक्षरांत लिहिलेला, आणि चार लांब खिळ्यांनी थेट थोरल्याच्या खोडात ठोकलेला. माळीकाकांनी पक्कड आणून तीन खिळे उपटले. चौथ्याचं डोकं तुटलं आणि तो चिरेच्या डाव्या अंगाला आतच राहिला. जखमेवर तळहात ठेवून ते जरा वेळ उभे राहिले. मागून कुणीतरी त्यांचा फोटो काढला.

पुढचे दिवस माळीकाकांनी कामं केली आणि तमाशा पाहिला. एक गृहस्थ पहिल्या दिवशी दहा मिनिटं झाडासमोर बसले, मोबाईलवर झाडाचा फोटो काढला, आणि मग डोळ्यांवर ऊन येतं म्हणून झाडाकडे पाठ करून बसले. आठवडाभर ते मोबाईल बघून झाड रंगवत होते आणि झाड त्यांच्या मागे उभं राहून वाट बघत होतं. एक बाई डासांच्या फवाऱ्याची बाटली घेऊन आल्या होत्या. त्या आधी निसर्ग मारायच्या आणि मग रंगवायच्या. एकाने विचारलं, "पक्षी साधारण किती वाजता येतात?" माळीकाका म्हणाले, "हजेरीवर सही करून साडेआठला." त्याने वहीत लिहून घेतलं.

एक तरुण चित्रकार रोजच्या परिसराचा होता. त्याला झाडं नको होती, त्याला श्रम हवे होते. त्याने माळीकाकांची ढकलगाडी लिंबाच्या रंगाच्या भिंतीपाशी नेऊन उभी केली, आत कोयता तिरका ठेवला, वर फाटकं पोतं सोडलं. "काका, तुम्ही पण उभे राहाल? हातात पाण्याचा पाइप धरून?"

"धरतो. गुलाबांना पाणी घालायचंच आहे."

"पाणी नको. पाणी हलतं. नुसता पाइप."

माळीकाकांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने ते काम गाडीवरच भागवलं.

पण या सगळ्यांत माळीकाकांच्या खास रागातली होती ती एक बाई. पन्नाशीची, किरकोळ अंगाची, बाकीच्यांपासून लांब. पहिला दिवस सोडला तर ती सगळ्यांच्या आधी यायची, सकाळी साडेसहाला. माळीकाकांची बादली न विचारता पालथी घालून थोरल्याच्या कुशीला, खोडापासून हातभर अंतरावर बसायची आणि पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर काहीतरी रेघोट्या ओढायची. दुसऱ्या दिवशी माळीकाकांनी जाता जाता लांबूनच नजर टाकली. कागदावर झाड नव्हतं. फांदी नव्हती, पान नव्हतं. सालीची एक खपली होती. तिसऱ्या दिवशी? तीच खपली. चौथ्या दिवशी तीच.

"एवढा डोंगराएवढा जीव समोर उभा आहे," माळीकाका आक्कापाशी बसून डबा उघडताना म्हणाले, "आणि ही खपलीबाई चार दिवस खरूज रंगवतेय त्याची. बाकीचे निदान खोटं का होईना, अख्खं झाड तरी काढतात."

"तू बघितलंस का तिचं चित्र?"

"बघायचंय काय त्यात?"

"मी बघितलं," आक्का म्हणाली. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. "म्हणजे मला दिसलं नाही फारसं. पण ती बसते कशी ते बघितलं. तू रोपाची कीड शोधताना बसतोस ना, तोंडाचा चंबू करून, तश्शी."

"मी चंबू करतो?"

"लहानपणापासून."

"आक्का, तू त्या बाकावरून ऊठ बघू आधी. तिकडे हौदापाशी बस."

"चाळीस वर्षं बसतेय मी इथे. तुझा थोरला माझ्या अंगावर पडायचा नाही. आणि पडला तर पडला, आमचं वय जुळतं."

असं बोलणाऱ्या बाईशी कोण वाद घालणार? माळीकाकांनी पोळीचा तुकडा तोंडात कोंबला. पण त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. शिबिराच्या पहिल्या दिवशी त्यांनी चिरेत एक सुकी काडी घट्ट ठोकून बसवली होती. आज सकाळी ती खाली गवतात पडलेली सापडली.

सहाव्या दिवशी ते काडी घेऊनच साहेबांच्या खोलीत गेले. साहेब भाषण पाठ करत होते.

"साहेब, फांदी उतरवायला हवी. उद्या तुम्ही तिच्याखाली खुर्च्या मांडणार."

"परत तेच, माळीकाका?"

"ही काडी चिरेत ठोकली होती. आपोआप पडली. चीर फाकतेय."

"काडी हा काय पुरावा झाला? चिमणीने काढली असेल. आणि मला एक सांगा, चौदा चित्रकार आठवडाभर त्या झाडाकडे टक लावून बसलेत. नजरेची माणसं आहेत ती. त्यांतल्या एकाला तरी दिसली का तुमची चीर?"

याला माळीकाकांकडे उत्तर होतं, पण ते नोकरीत असताना देण्यासारखं नव्हतं.

सातव्या दिवशी थोरल्याखाली चाळीस खुर्च्या लागल्या. दोन खांबांना तारा बांधून त्यावर चित्रं अडकवली. तेरा चित्रं, बारा थोरले आणि एक ढकलगाडी. माळीकाका खराटा हातात धरूनच एका टोकाकडून बघत निघाले. दुसरं काही नाही, चीर शोधत होते. साहेबांना दाखवायला एक तरी चित्र मिळेल, एवढीच आशा.

पहिल्या चित्रातला थोरला जांभळा होता. दुसऱ्यात त्याच्या पायाशी तळं होतं. या बागेत पाण्याची जागा म्हणजे एक हौद आणि एक गळका नळ. मोबाईलवाल्यांनी झाड पुष्कळ हुबेहूब काढलं होतं, मोबाईलच्या काचेवर पडलेल्या उजेडाच्या ठिपक्यासकट. फवारावाल्या बाईंनी फांदीवर सात पक्षी बसवले होते, सगळे एकाच दिशेला तोंड करून, हजेरीला आल्यासारखे. आणि टोपीवाल्यांचं चित्र सगळ्यांत मोठं. त्यात बेचकं होतं, बेचक्याखालची नेमकी ती जागा होती, आणि तिथे चीर नव्हती. साल मांडीसारखी गुळगुळीत रंगवली होती. बाकावर आक्काच्या जागी एक सडपातळ मुलगी पुस्तक वाचत होती.

"मी कुठाय रे यात?" शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या आक्काने विचारलं.

"तुला वगळलं."

"बरं केलं. ही बसली तर बाक तरी टिकेल."

माळीकाका टोपीवाल्यांकडे वळले. "इथे चीर होती."

"होती ना," टोपीवाले खुशीत म्हणाले. "तुमची नजर चांगली आहे हो, काका. पण तिथे नजर अडकत होती. म्हणून मी ती मिटवली."

मिटवली! महिनाभर ज्या चिरेने माळीकाकांची झोप खाल्ली, ती या माणसाने रंगाच्या एका फटकाऱ्यात मिटवली. त्यांना हसावं की खराटा उगारावा कळेना. सात दिवस डोळे फाडून बसलेली ही माणसं, आणि यांनी बघितलं काय, तर स्वतःला. झाड म्हणजे नुसता आरसा. ते तणतणत पुढे निघाले आणि तारेच्या अगदी शेवटी, एका खुर्चीवर दगडाने दाबून ठेवलेल्या सात छोट्या कागदांपाशी थांबले. थांबले ते नाक मुरडायलाच. आली खरूज, म्हणाले मनात.

आणि मग त्यांची मान खाली गेली ती वर येईना.

पहिल्या कागदावर साल होती. तिचे पापुद्रे, तिच्यावरची बुरशीची राख, एक मुंगी, मुंगीची सावली. डावीकडे तुटलेल्या खिळ्याचं टोक, आत्ताच घुसल्यासारखं, कडेने ओलसर. उजवीकडे दगडफुलाचा नाण्याएवढा पांढरा डाग. आणि खिळा आणि डाग यांच्या मधून, वरून खाली, चीर. केसाएवढीसुद्धा खोटी नाही. दुसऱ्या कागदावर तीच साल, तोच खिळा, तोच डाग. तिसऱ्यावर तेच. माळीकाकांनी वाकून गवताची एक काडी तोडली. पहिल्या कागदावर खिळ्यापासून डागापर्यंत ती धरली आणि नखाने खूण केली. मग तीच काडी सातव्या कागदावर ठेवली.

खूण डागापर्यंत पोचलीच नाही. मध्ये अर्धं बोट उरलं.

"ते चुकलंय माझं," मागून बाई ओशाळून म्हणाली. "चौथ्या दिवसापासून माप हलायला लागलं. रोज खोडून परत काढत होते. तरी डाग आपला लांबच जातोय. मला वाटलं, बसायची जागा बदलली असेल, म्हणून बादलीभोवती खडूने गोल केला. तरी तेच."

"हे मापात काढलंय? जेवढ्यास तेवढं?"

"हो. कागद सालीला लावूनच खुणा करते मी. मला अख्खं झाड येत नाही हो. एवढंच जमतं."

माळीकाकांनी बाईकडे पाहिलं. ही बाई स्वतःची नजर खोटी धरून बसली होती, कारण झाड हलेल हे तिला खरं वाटेना. आणि आपण? रोज सकाळी हिच्या पाठीमागून पाण्याचा पाइप ओढत गेलो. चौथ्या दिवशी एकदा वाकलो असतो तर चौथ्याच दिवशी हातात पुरावा होता. वाकायला काय झालं होतं? मान मोडणार होती? त्या बारा जणांनी झाड न बघता झाड काढलं आणि आपण चित्र न बघता चित्राला खरूज म्हणून मोकळे. त्यांना नावं ठेवायला आपण कोण मोठे लागून गेलो?

पण ही वेळ स्वतःला झोडपायची नव्हती. साहेब माईकपाशी पोचले होते.

"बाई, हा पहिला कागद नेऊ का?"

"पण तो चुकीचा..."

"तो बरोबर आहे. सगळे बरोबर आहेत. झाड चुकतंय."

साहेबांनी "निसर्ग हा आपला" एवढं म्हटलं आणि माळीकाकांनी त्यांचा कोपर धरला. चाळीस माणसांदेखत साहेबांना खोडाशी नेलं, पहिला कागद सालीवर टेकवला. कागदावरचा खिळा खऱ्या खिळ्यावर बसवला. पापुद्र्याला पापुद्रा जुळला, रेघेला रेघ. फक्त पांढरा डाग जुळेना. कागदावरचा डाग चिरेच्या काठावर आणि खरा डाग तिथून अर्धं बोट पलीकडे.

"हे पहिल्या दिवशी," माळीकाका म्हणाले. "हे आज. यांनी काढलंय. नजरेची माणसं आहेत, तुम्हीच म्हणालात."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. चिरेकडे पाहिलं. मग हळूच वर पाहिलं.

पुढे जे झालं ते आक्काने नंतर वर्षभर सांगितलं. साहेबांनी आधी एक पाऊल मागे घेतलं, मग दुसरं, मग तिसऱ्याला ते पाठ फिरवून पळत होते. ते पाहून पहिली रांग उठली, आणि पहिली उठली म्हटल्यावर दुसरी कशाला बसतेय? निसर्गावर जीव ओवाळणारी ती सगळी मंडळी निसर्गापासून जीव वाचवत फाटकाकडे धावली. खुर्च्या उलथल्या. फवारावाल्या बाईंची बाटली फुटली. टोपीवाल्यांची टोपी फांदीखाली पडली आणि ते लांबून ओरडत होते, "काका, टोपी! कुणीतरी टोपी आणा!" मोडायला आलेल्याचं खरं सौंदर्य बघायला मात्र कुणी थांबलं नाही.

बाकावर एकटी आक्का.

"आक्का, ऊठ!"

"ओरडू नकोस रे. पळायचं वय आहे का माझं?"

बाई शांतपणे बाकापाशी गेली आणि हात पुढे केला. "चला. मी सात दिवस मोजलंय. खरंच पडेल."

आक्का उठली. मुकाट उठली, डबा घेतला आणि बाईचा हात धरून हौदापाशी जाऊन बसली. माळीकाकांनी तोंड उघडलं तशी म्हणाली, "तू नुसता ओरडतोस. हिने सांगितलं."

दुपारी करवतवाले दोघं आले. फांदीला वरून दोर बांधले, टोकाकडून तीन तुकडे करत आणले. पहिला तुकडा खाली आला तेव्हा बेचक्यातून कण्हल्यासारखा आवाज निघाला आणि करवतवाल्याने कपाळाला हात लावला. "आज-उद्याचीच गोष्ट होती, काका." शेवटचा तुकडा निघाला. थोरला एकांगी, बोडका, विचित्र दिसायला लागला. पण उभा होता.

माळीकाकांनी मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून ठेवला होता. दोन्ही एकत्र घोटून मलम केलं. कापलेल्या जागेवर पाणी आणि कीड शिरू नये म्हणून ते लावायचं. आभाळाने लाजावं असा निळा रंग आला.

टोपीवाले टोपी झटकत परत आले होते. आता वर फांदी नव्हती, म्हणजे निसर्गाजवळ यायला हरकत नव्हती. त्यांनी भांड्यात डोकावून पाहिलं. "हा निळा फार कच्चा आहे हो. सालीशी भांडेल. जरा करडा मिसळता येईल का? आणि काका, त्या ओंडक्याची एक चकती मला काढून द्या ना. बैठकीच्या खोलीत छान दिसेल."

माळीकाकांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रुंद कुंचला मलमात बुडवला, निथळला, आणि इकडेतिकडे बघितलं. बाई हौदापाशी आक्काशेजारी बसली होती. आठवा कागद तिच्या मांडीवर होता, पण अजून कोरा.

"बाई, इकडे या."

ती आली. माळीकाकांनी बादली स्वतःच्याच हाताने पालथी घातली, थोरल्याच्या कुशीला, खडूच्या त्याच गोलात. आणि कुंचला तिच्या हातात दिला.

"एवढं रंगवा. जाड बसायला हवं. भेगांत आतपर्यंत."

बाई बादलीवर चढून उभी राहिली. काम सुरू करण्याआधी तिने कापलेल्या जागेकडे बराच वेळ पाहिलं. तोंडाचा चंबू करून. मग मधल्या वर्तुळापासून सुरुवात करून एकेक रेष भरत बाहेर आली, सालीच्या काठापर्यंत, चिरेच्या तोंडापर्यंत. माळीकाका खाली भांडं धरून उभे होते आणि सवयीने चूक शोधत होते. बऱ्याच वेळाने एक सापडली.

"वरच्या कडेला राहिलंय."

"दिसतंय मला," बाई म्हणाली, आणि कुंचला भांड्यात बुडवण्यासाठी हात खाली केला.